पलीकडं काय काम हाय?

आमच्या बोटीच्या तळ्यावर नावेत बसायचं तर नुसतं तिकीट काढून भागत नसे. सोपानमामांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. मामा काठावर वल्हं उभं धरून, साहेबाच्या दारात शिपाई उभा राहतो तसे उभे असत आणि नावेत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "पलीकडं काय काम हाय?"

आता हे तळं केवढं, तर काठाकाठाने चालत गेलं तर भेळेचा पुडा संपायच्या आत माणूस पलीकडे पोचेल एवढं. पाणी मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत. आणि पलीकडे होतं काय? एक बाक, एक कडुलिंब आणि बांबूचं एक दाट बेट. जगात कुणाचंही तिथं काही काम नव्हतं. नगरची माणसं रविवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून, पोरांच्या डोक्यावर तेल थापून तिथं यायची ती हवा खायला. पण तसं मामांना सांगितलं की संपलं.

"हवा हितं बी हाय की," ते म्हणायचे. "नाव हाय ही, पाळना न्हवं."

मामा मूळचे प्रवरेकाठचे, कोल्हारच्या बाजूचे. बाप-आज्यापासून नदीवर त्यांची नाव. बाजाराला जाणारे, सोयरीक जुळवायला जाणारे, कोर्टाची तारीख असलेले, सगळ्यांना यांनी या काठावरून त्या काठावर पोचवलेलं. मग पूल झाला आणि लोक मामांकडे न बघता वरून जायला लागले. मामा नगरला आले, भिंगारमध्ये खोली घेतली आणि या तळ्यावर लागले. माणूस नदी सोडून आला, पण नदी माणसाला सोडून गेली नव्हती. शेवाळ धरलेल्या त्या थांबल्या पाण्याकडे बघून ते गंभीरपणे सांगत, "आज वढ लई हाय." पावसाळ्यात पाणी दोन बोटं वर आलं की, "पूर हाय, नाव बंद." तळ्याच्या एका बाजूला ते "वरचं अंग" म्हणत आणि दुसऱ्या बाजूला "खालचं अंग". कुठली बाजू खालची हे फक्त त्यांना आणि पाण्याला ठाऊक.

एकदा एक नवं जोडपं आलं. नवऱ्याने नवा मनिला शर्ट घातलेला, बायकोच्या हातात हिरवा चुडा.

"पलीकडं काय काम हाय?"

"काही नाही, फिरायला," नवरा म्हणाला.

"फिराया रस्ता हाय."

नवऱ्याने रागारागाने तिकिटं दाखवली. मामांनी ती वाचल्यासारखं केलं आणि परत दिली. शेवटी ती नवी नवरी पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मामा, तिकडचा लिंब बघायचाय. आमच्या गावच्या लिंबासारखा दिसतो का, ते."

"मंग असं बोला की," मामा म्हणाले आणि तिला हात देऊन नावेत घेतलं. नवऱ्याला म्हणाले, "तुमी बाईंच्या संगट हाय का? मंग बसा."

एक वकील होते. त्यांनी अर्धा तास वाद घातला, की नौकाविहार म्हणजे विहार आणि विहाराला प्रयोजन नसतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या माणसाला विचारलं, "तुमचं काय काम हाय?" पण खरी चंगळ होती ती शेळीवाल्या आजीची. तिची शेळी कडुलिंबाच्या पाल्यासाठी रोज पलीकडे जायची. तिकीट काढलेली दहा-पंधरा माणसं रांगेत ताटकळत उभी आणि नावेत मधोमध शेळी, असा देखावा मी स्वतः पाहिलेला आहे. शेळीचं काम खरं होतं.

पलीकडे पोचल्यावर माणसांना खाली उतरावंच लागे. मधूनच नाव वळवायची नाही, हा दुसरा कायदा. उतरायचं, जमिनीला पाय लावायचे आणि परत यायचं असेल तर पुन्हा उत्तर द्यायचं, कारण आता प्रश्न असायचा, "अलीकडं काय काम हाय?" घरदार असलेल्या माणसांनाही मग क्षणभर विचार पडायचा, की खरंच, काय काम आहे?

आता मी माझ्याकडे येते. तळ्याला लागूनच आमची क्वार्टरांची ओळ होती. दादा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. मी नऊ वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला आणि बाकीच्या दातांनी सदोदित खोटं बोलत असे. हल्ली नातवंडांना मी खरं बोलण्याचं महत्त्व समजावून सांगते. त्यांची आई म्हणते, "तुमच्या आजीसारखं व्हा." मी गप्प बसते. माझ्यासारखं व्हायला फार कष्ट पडतात.

दुपारी गर्दी नसे, तेव्हा क्वार्टरांतल्या पोरांना मामा तिकिटाशिवाय तसेच नेत. पण एकट्या पोराला नाही.

"एकलं लेकरू मी नेत न्हाई. पलीकडं उतरवून घ्याया कोन हाय?"

"माझी मावशी आहे," मी म्हणाले.

"कुटं?"

"त्या बांबूच्या मागं राहते."

"दिसंना की."

"लाजते."

मामांना हे पटलं. बायामाणसाने लाजावं यात त्यांना वावगं काही दिसलं नाही. बांबूमागे एक पडकी भिंत होती आणि सरड्यांची दोन-तीन घराणी नांदत होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण तिसरा कायदा मामांचा स्वतःसाठी होता. नाव सोडून नावाड्याने पलीकडचा काठ चढायचा नाही. बापाने सांगितलेलं. वीस वर्षं ते दिवसातून तीसदा त्या काठाला लागले असतील, पण बाकापर्यंतसुद्धा कधी गेले नाहीत.

अशी माझी शांतामावशी जन्माला आली. मी नावेत एकटी, मध्यावर बसून, हात पाण्यात सोडून महाराणीसारखी पलीकडे जायचे, बांबूमागे सरड्यांशी दहा मिनिटं बोलायचे आणि काठावर येऊन हात हलवायचे. अलीकडं काय काम, तर आईनं बोलावलंय. इथपर्यंत सगळं छान होतं. चूक एवढीच झाली, की मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मावशी बरी हाय ना?"

मला वाटलं होतं, लबाडी एकदा केली की संपते. तिला रोज पाणी घालावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशी काय करते? शिवण शिवते. मालक? नाहीत. पोरं? नाहीत. "आन् भाऊ?" मामांनी विचारलं. भाऊही नाही, मी म्हणाले. नसलेल्या बाईला आणखी नातेवाईक कुठून आणायचे? नावं लक्षात ठेवायला मीच एकटी होते. मामांनी वल्हं थांबवलं. "आगं आगं," ते म्हणाले. "येकलीच म्हन की."

त्यानंतर खाऊ सुरू झाला. मामा हातरुमालात बांधून मावशीसाठी काहीबाही द्यायचे. चार पेरू. हरभऱ्याची जुडी. कोवळी काकडी. "मावशीला दे. लाजू नगं म्हनावं." मी बांबूमागे बसून मावशीच्या वतीने सगळं खायचे आणि रुमाल घडी करून परत आणायचे. "मावशी म्हणाली, फार गोड होते." एकदा बोरं दिली शेरभर. ती सगळी एका बैठकीत खाल्ल्यावर मला असा खोकला लागला की नावेत बसवेना.

"येवडी का खोकतीस?"

"मावशीला झालाय. तिचा लागला."

दुसऱ्या दिवशी मामांनी अडुळशाचा पाला आणला. तो मात्र मी शेळीला दिला.

मला लाजबीज वाटत नसे, पण कधी कधी हिशेब फारच एकतर्फी झाला असं वाटे. म्हणून मी आईच्या डब्यातला बेसनाचा एक लाडू फ्रॉकच्या खिशात घालून पलीकडे नेला आणि परत आणला. "मावशीने दिलाय." खिशात पेन्सिलीचे तुकडे, चिंचोके असं बरंच काही होतं, ते लाडवाला चिकटलेलं. मामांनी ते एकेक वेचून काढलं, अर्धा लाडू खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. "खमंग भाजलंय," एवढंच म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळच्या रांगेत त्यांनी दोन माणसांना न विचारता नावेत घेतलं. लोक घाबरले, की यांना बरं नाही की काय.

दिवाळी अगदी तोंडावर आली. मी ऐटीत नावेत बसले होते. मामा वल्हवता वल्हवता म्हणाले, "मावशीला निरोप सांग. भाऊबीजेला मी येतो म्हनावं. नाव बांदून वर येतो. तिला भाऊ न्हाई, मला बहीन न्हाई. हुती, ती गेली. ववाळून घेतो आन् लगेच माघारी फिरतो. जेवनबिवन करू नगं म्हनावं."

मामा काठ चढणार होते. बापाचा कायदा मोडणार होते. बांबूमागे येऊन पडक्या भिंतीला आणि सरड्यांना ते काय म्हणणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं.

आज विचार केला की वाटतं, मावशीला पुण्याला पाठवता आलं असतं. नाशिकला, सोलापूरला. अख्खा महाराष्ट्र मोकळा होता. पण माझा भूगोल पहिल्यापासून कच्चा. मी म्हणाले, "मावशी वारली."

नाव तळ्याच्या मध्यावर होती. मामांनी वल्हं आडवं घेतलं.

"कदी?"

"काल."

"कशानं?"

"खोकल्याने."

नाव आपली आपण फिरून आमच्या काठाकडे तोंड करून उभी राहिली. मधूनच नाव वळवायची नाही हा कायदा, पण त्या दिवशी मामांनी मला तशीच अर्ध्यातून परत आणली. नाव बांधली आणि संध्याकाळी रांगेतल्या लोकांना म्हणाले, "आज बंद." एक शब्द जास्त नाही.

मला काय वाटलं? खोटं का बोलू, मला वाटलं सुटले. घरी जाऊन मी चकलीचं कच्चं पीठ खाल्लं.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. ओटीवर आकाशकंदील लागलेला, आत आई करंज्या तळत होती, दादा शिडीवर चढून माळ सोडवत होते. मी खाली उभी राहून ती आणखी गुंतवत होते. एवढ्यात फाटकातून सोपानमामा आले. अनवाणी, टोपी काढलेली, हातात फडक्यात बांधलेली भाकरीची चवड आणि पितळेचा डबा. कुणाला हाक मारली नाही, राम राम नाही. ओटीच्या पायरीवर खाली मान घालून बसले.

दुखवट्याला आलेला माणूस असा बसतो. दादांना ते कळलं आणि ते शिडीवरच पांढरे पडले. त्यांची आई गावी आजारी होती.

"काय झालं, मामा? गावाकडून कुणी आलं का?"

"आता मी काय सांगू," मामा म्हणाले. "तुमीच सांगायचं."

"काय सांगायचं?"

"शेवटाला पानी तरी मिळालं का तिला?"

दादा शिडीवरून उतरले ते मधल्या दोन पायऱ्या सोडून. आई झारा हातात घेऊन बाहेर आली. मामांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग झाऱ्याकडे, मग कंदिलाकडे. करंज्यांचा वास सगळ्या ओटीवर पसरलेला.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रागावू नगा. पन सख्खी बहीन जाऊन दोन दीस न्हाई झाले, आन् तुमी तळन काडलं?"

"मला कुठली बहीण?" आई म्हणाली. "मी एकटी. ना बहीण, ना भाऊ. चुलत्याने वाढवलं मला."

ओटीवर तीन मोठी माणसं होती. तिघांनी एकदमच माझ्याकडे वळून बघितलं. माळेची गाठ सोडवण्यात मी इतकी गढून गेले होते, की आयुष्यात कुठल्याही कामात तेवढी गढून गेले नाही.

"कुमे," आई म्हणाली.

झारा गरम होता आणि माझं अंतर दोन हात. मी सगळं सांगितलं. पेरू, काकडी, बोरं. अडुळसा शेळीने खाल्ला तेसुद्धा. आईने झारा डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने जे काही द्यायचं ते दिलं. दुसरी बसणार तोच मामा मध्ये आले.

"थांबा, थांबा. म्हंजे ती न्हवतीच?"

"नव्हती," मी रडत म्हणाले.

"शांताबाई न्हवती. म्हंजे ती मेली बी न्हाई."

"नाही."

मामा खाली बसले. टोपी गुडघ्यावर होती, ती त्यांनी डोक्यावर घातली. "लई बरं झालं," ते म्हणाले. "राती डोळ्याला डोळा न्हाई. येकली बाई, कुनी जवळ न्हाई, खोकतीय आपली. मी नाव बांदून वर गेलो असतो तर, असं सारकं यीत हुतं मनात." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् पेरू सगळे तूच खाल्लेस?"

"हो."

"पिकले हुते का?"

"एक कच्चा होता."

"मला वाटलंच हुतं."

अशा वेळी आई करायची तेच तिने केलं, आत जाऊन ताटली भरून आणली. मामांनी बेसनाचा लाडू उचलला, एक घास घेतला आणि चावायचे थांबले. ताटलीकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"ह्यो तर शांताबाईचा लाडू."

"माझा आहे," आई म्हणाली. "डब्यातला एक कमी झाला, तेव्हा मी यांच्यावर संशय घेतला होता."

दादा म्हणाले, "आणि मी निमूट ऐकून घेतलं होतं."

मामांनी आणलेलं पिठलं आणि भाकरी आम्ही त्या रात्री धनत्रयोदशीच्या पानावर वाढून घेतली. दुखवट्याचं अन्न सणाला खातात का, असं दादांनी विचारलं. आई म्हणाली, मेलंय कोण? पिठल्यात मीठ जरा जास्त होतं. एकट्याच्या हाताचं मीठ तसंच असतं, कुणी सांगायला नसतं ना.

भाऊबीजेला मामा आले. आईने बोलावलं होतं. तोवर दरवर्षी ती अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची, ज्यांना भाऊ नसतो त्या ओवाळतात तसं. त्या वर्षी चंद्राला सुट्टी. मामा पाटावर बसले ते लग्नातल्या नवरदेवापेक्षा अवघडून. कुंकू लावताना डोळे मिटले ते "झालं, उघडा" म्हणेपर्यंत उघडले नाहीत. ताटात हिरवा खण ठेवला. मग उठताना म्हणाले, "ताई, उद्या न्याया येतो."

"कुठं?"

"म्हायेरी. आता भाऊ हाय म्हनल्यावर म्हायेरला याया नगं?"

आई हसली. दादाही हसले. पण दुसऱ्या दिवशी जेवणं व्हायच्या आधी मामा फाटकात टांगा घेऊन हजर. आई लग्नानंतर बारा वर्षांत कुठल्याच माहेरी गेली नव्हती. चुलते गेल्यावर ते दारही बंद झालं होतं. तिने तो खण आत ठेवला, साडी बदलली आणि मला म्हणाली, "चुलीवर भात आहे, बघ." आणि गेली. भिंगार ते काय, तीन मैल.

चार वाजले तरी आई परत येईना. दादांची चहाची वेळ टळली. दादांना चहा करता येत नसे. मी केला, तो त्यांनी एक घोट घेऊन कुंडीत ओतला. साडेचारला त्यांनी सायकल काढली, मला पुढच्या दांडीवर बसवलं आणि आम्ही आईला आणायला निघालो.

मामांची खोली कौलारू चाळीच्या टोकाला होती. दार उघडं. उंबऱ्यावर मामा बसलेले, हातात लिंबाची डहाळी, अंगणातल्या कोंबड्यांना आवाज न करता लांब हाकलत होते. आम्हाला बघितल्याबरोबर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मी त्यांच्या खांद्यावरून आत डोकावले. एक खाट, एक चूल, खुंटीवर दोन सदरे. फळीवर एक जुनं ताट आणि त्याच्या शेजारी एक कोरं, दुकानाचा कागद अजून चिकटलेलं. खाटेवर आई झोपली होती. दिवसाउजेडी, कुशीवर, हात गालाखाली घेऊन. आईला दिवसा झोपलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आम्ही उठायच्या आधी ती उठायची आणि आम्ही झोपल्यावर झोपायची. ती झोपते हे मला ऐकून माहीत होतं.

दादांनी घड्याळाकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"दाजी," मामा अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "जेवून जरा लवंडल्यात. कपाला सुदीक हात लावू दिला न्हाई मी. त्यांचं त्या उठतील."

माझ्या वडिलांनी आईसाठी त्याआधी कधी वाट पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांनी सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या आणि मामांच्या शेजारी पायरीवर बसले. मामांनी डहाळीचा अर्धा भाग मोडून त्यांच्या हातात दिला.